खंडेनवमीला बंद केलेला सर्व्हर

खंडेनवमीला मी फोन घेत नाही, कारण तो देवापुढे असतो. माझ्या धंद्याची आयुधं ती काय: एक लॅपटॉप, दोन पेनड्राइव्ह, स्क्रूड्रायव्हरचा संच, केबल कापायची कात्री आणि हा फोन. सकाळी बायको पाटावर स्वच्छ पंचा अंथरते, मी सगळं ओळीनं मांडतो, हळदकुंकू वाहतो, झेंडूची फुलं ठेवतो आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत कशालाही हात लावत नाही. वर्षातला हा एकच दिवस मला सुट्टीचा वाटतो. एरवी हुबळी-धारवाडातल्या आठ-नऊ लहान कारखान्यांची, शाळांची, दवाखान्यांची कॉम्प्युटरं मला कधीही हाक मारू शकतात, आणि मारतात.

त्या वर्षी दुपारी एकच्या सुमारास देवघरातून फोनची थरथर ऐकू आली. थांबली, पुन्हा सुरू झाली. चौथ्या वेळेला बायको म्हणाली, "बघा तरी कोण आहे ते. हळद सांडली सगळी पंच्यावर." मी देवाची क्षमा मागितली आणि फोन उचलला. कानाला कुंकू लागलं.

हुबळीबाहेरच्या तारिहाळच्या कारखान्यातून अक्का बोलत होत्या. त्या कारखान्यात व्हॉल्व्हच्या बॉड्या तयार होतात. तयार झालेला प्रत्येक नग अक्कांच्या टेबलावर जातो, त्या मोजतात, माप लिहितात, मगच तो बाहेर पडतो. अठरा वर्षं हेच काम. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठ्या, उणकलच्या, मराठी घरातल्या. मालक वयानं त्यांच्याहून मोठे, तरी तेही त्यांना अक्काच म्हणतात. मालकांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो.

"सर, सणाच्या दिवशी त्रास देतेय. सर्व्हर उठंना झालाय बघा. दिवा लागलाय, पंखा फिरतोय, पण कुठल्याच कॉम्प्युटरवर काही येईना."

"बंद कधी केला होता?"

"सकाळी, पूजेला. आयुधपूजा म्हटल्यावर सगळीच यंत्रं बंद की. तुम्ही सांगितलंय तसंच केलं." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "परवा माल घेणाऱ्या कंपनीची माणसं येणार आहेत तपासायला. चार महिन्यांची मापं सगळी आत आहेत. दाखवली नाहीत तर माल परत नेतील ते. आणि बंद मी केलंय, सर."

मी पाटावरचा लॅपटॉप उचलला. हळद पुसायलाही थांबलो नाही. धारवाडातल्या सप्तापुराच्या बसस्टॉपवर उभा राहिलो तेव्हा बॅग खांद्यावर नेहमीपेक्षा जड वाटत होती. मी त्रेपन्न वर्षांचा आहे आणि माझा उजवा गुडघा सत्तर वर्षांचा आहे. हुबळीची बस आली, भरलेली होती. लोक नवे कपडे घालून पाव्हण्यांकडे निघाले होते. मी उभ्यानंच नवलूर मागे टाकलं, आणि मनात एकच विचार होता की साधंसुधं काही असू दे, निसटलेली केबल असू दे.

कारखान्याच्या फाटकाशी कुंकू भरलेला कोहळा फोडलेला होता. आत सगळी यंत्रं आंघोळ घातल्यासारखी लखलखीत, प्रत्येकाच्या कपाळी विभूतीचे तीन पट्टे. हे सगळं अक्कांच्या हातचं. अण्णांच्या आई होत्या तोवर यंत्रांची पूजा त्या करायच्या. पायऱ्या चढवेनाशा झाल्या तेव्हा त्यांनी सगळ्या कामगारांसमोर पूजेचं ताट अक्कांच्या हातात दिलं, म्हणाल्या की रोज यंत्रांजवळ वावरणारा हातच पूजेला बरा. तेव्हापासून अकरा वर्षं ते ताट अक्कांकडे होतं. पगारवाढ, बढती असल्या गोष्टींबद्दल अक्का कधी बोलल्याचं मला आठवत नाही, पण नवमीच्या आदल्या दिवशी त्या कपाळाला हात लावून म्हणायच्या, "उद्या माझी परीक्षा."

सर्व्हरची खोली म्हणजे पूर्वीची चिंध्या ठेवायची खोली. तिच्या काळ्या दारावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं, मुठीत एक झेंडू अडकवला होता. आत फुलं सर्व्हरच्या पंख्याच्या जाळीपासून लांब ठेवली होती. तेही मीच सांगितलं होतं.

सर्व्हर म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. दिसायला तो गुडघ्याएवढा डबा. पण त्या एका डब्याच्या पोटात चार कॉम्प्युटर नांदत होते: एकात तपासणीची मापं, दुसऱ्यात ड्रॉइंगं, तिसऱ्यात हजेरी, चौथ्यात कोठारातल्या मालाची यादी. त्यांना वेगवेगळं लोखंड नाही. डब्यातलं सॉफ्टवेअर प्रत्येकाला तू स्वतंत्र आहेस असं भासवतं, त्याला व्हर्च्युअलायझेशन म्हणतात. एका घरात चार बिऱ्हाडं असावीत तसं ते, आणि चौघांना बाहेर पडायला दार एकच, ते म्हणजे नेटवर्क कार्ड. त्या दिवशी चारही बिऱ्हाडं आत ठणठणीत होती, मापं जशीच्या तशी होती. दार तेवढं नव्हतं.

मी सर्व्हरला विचारलं की तुला नेटवर्क कार्ड दिसतंय का. तो म्हणाला, काहीतरी लागलेलं दिसतंय, पण ते काय आहे हे मला ठाऊक नाही. दहा मिनिटांत मला सगळं कळलं.

ते कार्ड मुळात या सॉफ्टवेअरला चालणारंच नव्हतं. आमच्या भाषेत अनसपोर्टेड. दोन वर्षांपूर्वी अण्णांनी हा डबा कुठूनतरी आणला तेव्हा मी चालणाऱ्या कार्डांची यादी उघडून पाहिली होती आणि त्यात हे नव्हतं. सरळ माणसानं सांगितलं असतं की अण्णा, दुसरं कार्ड बसवू, तळहाताएवढी वस्तू आहे. पण मला खुमखुमी होती. जे चालत नाही ते चालवून दाखवायचं, हा माझा जुना रोग. मी इंटरनेटवर दोन दिवस धुंडाळलं. कुणा अनोळखी माणसानं त्या कार्डासाठी ड्रायव्हर लिहून ठेवला होता. ड्रायव्हर म्हणजे त्या कार्डाशी कसं बोलायचं हे सर्व्हरला शिकवणारा छोटा प्रोग्राम. मी तो माझ्या हातानं सर्व्हरवर बांधला. कार्ड चाललं. अण्णांनी पाठ थोपटली आणि मी दोन दिवस हवेत होतो.

अशा हातानं बांधलेल्या ड्रायव्हरची एक अट असते. तो सॉफ्टवेअरच्या ज्या आवृत्तीसाठी बांधला, तिच्यावरच चालतो. आवृत्ती बदलली की पुन्हा बांधावा लागतो. त्या वर्षी श्रावणात मी एकदा सर्व्हरला अपडेट दिला होता. नवी आवृत्ती डिस्कवर जाऊन बसली, पण सर्व्हर बंद करून चालू करेपर्यंत ती कामाला लागत नाही. खरं तर तेव्हाच बंद-चालू करून बघायचं असतं. त्याला तासभर लागला असता. मला धारवाडची बस पकडायची होती, कंटाळा आला होता. वर डिस्कवर जागा हवी म्हणून जुनी आवृत्तीही मी पुसून टाकली. म्हणजे श्रावणापासून तो डबा नुसता चालू होता म्हणून चालत होता. पुढच्या वेळी जो कुणी तो बंद करील, त्याच्या हातून तो उठणार नव्हता.

हे कुठंही लिहिलेलं नव्हतं. मी माझं काम कधीच लिहून ठेवत नसे. वेळ नाही म्हणून, असं मी लोकांना सांगायचो. पण आता खरं सांगायला हरकत नाही: लिहून ठेवलं असतं तर कुणीही ते वाचून काम केलं असतं, मग मला कोण बोलावणार?

अण्णा आले. जरीच्या काठाचं धोतर नेसलेले, कपाळाला गंध. त्यांच्यामागे अक्का, हातात वही.

"काय ओ सर, कशानं झालं हे?"

मी जमिनीवर मांडी घालून बसलो होतो. उत्तर द्यायच्या आधीच अक्कांनी वही उघडून पुढं धरली. सर्व्हर कसा बंद करायचा हे मी त्यांना तोंडी सांगितलं होतं आणि त्यांनी आपल्या गोल अक्षरात ते उतरून घेतलं होतं. आधी चारही कॉम्प्युटर एकेक करून. मग मोठा. हिरवा दिवा गेला की मग भिंतीवरचं बटण. प्रत्येक ओळीसमोर त्यांनी त्या सकाळी पेन्सिलीनं खूण केली होती.

"सरांनी सांगितलं तसंच केलं की हो, अण्णा. मागच्या नवमीलाही असंच केलं होतं. बघा, त्या वेळच्या खुणापण आहेत."

"मग मागच्या वर्षी उठला, आणि या वर्षी कसा उठंना?" अण्णांनी मला विचारलं. "बंद केल्यामुळं झालं काय हे?"

त्या क्षणी मला उन्हाळ्यात चढावर सायकल ढकलताना येतो तसा शीण आला होता. सगळं सांगायचं म्हणजे कार्डापासून सुरुवात करावी लागणार, श्रावणातली बस सांगावी लागणार, परवा ती माणसं येणार आणि अजून माझ्याजवळ उपाय नव्हता. अण्णांचा विश्वास गेला तर तारिहाळातली आणखी दोन कामं गेली, कारण ती त्यांच्याच ओळखीनं मिळालेली. हे सगळं एका श्वासात डोक्यातून गेलं.

"हो," मी म्हणालो. "बंद केल्यामुळे झालं. चालू राहिला असता तर चालला असता."

खोटं नव्हतं ते. शब्दाशब्दानं खरं होतं. त्याचंच मला आजतागायत वाईट वाटतं.

अण्णा अक्कांकडे वळले. नुसतं बघितलं आणि बाहेर गेले. अक्कांनी वही मिटली. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "माझंच काहीतरी चुकलं असेल, सर. एखादा दिवा बघायचा राहिला असेल." मी स्क्रीनकडे बघत राहिलो.

संध्याकाळपर्यंत मी झटलो. फोन केबलनं सर्व्हरला जोडून इंटरनेट मिळवलं, ड्रायव्हर पुन्हा बांधायला घेतला. नव्या आवृत्तीला तो मान्य होईना. शंभर चुका दाखवायची, त्यातल्या दहा मी दुरुस्त केल्या की नव्या वीस. पुसलेली जुनी आवृत्ती परत मिळते का बघितलं, मिळाली नाही. ज्या माणसानं तो ड्रायव्हर लिहिला होता त्याच्या पानावर गेलो. त्याचा शेवटचा निरोप होता: मी हे कार्ड केव्हाच फेकून दिलंय, कृपया मला काही विचारू नका. मला त्या माणसाचा राग आला नाही. हेवा वाटला.

मग ती तळहाताएवढी वस्तू शोधायला लागलो. यादीतलं, चालणारं, साधं कार्ड. हुबळीच्या बाजारात माझ्या ओळखीचा एक दुकानदार आहे, कॉम्प्युटरचे सुटे भाग ठेवतो. त्याला फोन केला.

"आहे की कार्ड," तो म्हणाला. "पण पूजा झाली, सर. आता कपाटाला हात लावत नाही. उद्या सीमोल्लंघन झालं की या, पहिलं गिऱ्हाईक तुम्ही."

मी त्याच्यावर चिडणार होतो, पण माझ्या लॅपटॉपवरची हळद बोटांना लागलेली होती. त्यानं तरी नियम पाळला होता.

दसऱ्याच्या सकाळी त्यानं दुकान उघडलं तेव्हा मी पायरीवर बसलेलो होतो. कपाटातले सगळे भाग त्यानं काल पूजेत मांडले होते, त्यामुळे कार्डाच्या खोक्यावर कुंकवाचं बोट होतं. ते बॅगेत टाकून मी तारिहाळ गाठलं. कारखाना बंद होता. अक्का मात्र आल्या होत्या, घरचा स्वयंपाक सुनेवर टाकून. खोलीची किल्ली त्यांच्याच जुडग्यात असे. त्यांनी दार उघडलं आणि उंबऱ्यावर उभ्या राहिल्या, हात जोडून.

कार्ड बसवायला दहा मिनिटं लागली. सर्व्हरनं ते ओळखलं, न कुरकुरता, जणू दोन वर्षं त्याचीच वाट बघत होता. चारही बिऱ्हाडांना जुन्या दाराचा पत्ता काढून नव्या दाराचा लिहून द्यावा लागला, त्यात दुपार झाली. मग तपासणीच्या टेबलावरचा कॉम्प्युटर लावला आणि अक्कांना म्हणालो, बघा. त्यांनी एक तारीख काढली, मग दुसरी, मग श्रावणातली, मग भाद्रपदातली. बोट ठेवून आकडे वहीत अधूनमधून टिपलेल्या आकड्यांशी ताडून बघितले. मग खुर्चीत मागे टेकल्या आणि पदरानं डोळे टिपले.

निघताना त्यांनी पिशवीतून शमीची पानं काढली. आमच्याकडे दसऱ्याला आपट्याऐवजी शमीची पानं देतात, बन्नी म्हणतात तिला. त्या दिवशी बन्नी दिली-घेतली की वर्षभराचं मनातलं सगळं सोडून द्यायचं असतं. लहानानं मोठ्याला द्यायची आणि पाया पडायचं, अशी रीत. मी केबल गुंडाळत जमिनीवरच बसलो होतो. मोठ्या असून त्याच खाली वाकल्या आणि माझ्या हातात पानं ठेवली.

"बन्नी तगोंड बंगारदंग इरोणरी, सर," त्या म्हणाल्या, म्हणजे बन्नी घेऊन सोन्यासारखं राहू या. "माझ्यामुळं तुमचा सण गेला. मनात ठेवू नका."

मी ती पानं घेतली. मनात ठेवत नाही, असंही म्हणालो.

दुसऱ्या दिवशी कंपनीची माणसं आली, मापं बघितली, खूश होऊन गेली. अण्णांनी मला फोन करून तीनदा आभार मानले. प्रकरण मिटलं असं मी स्वतःला सांगितलं. पंधरा दिवसांनी कारखान्यात गेलो तर सर्व्हरच्या खोलीच्या दारावर कागद लावलेला: परवानगीशिवाय आत येऊ नये. किल्ली अक्कांच्या जुडग्यातून निघून अण्णांच्या खणात गेली होती. आणि पुढच्या वर्षापासून आयुधपूजा अण्णांची सून करणार, असं ठरलं होतं. अण्णा कठोर माणूस नाहीत. ते म्हणाले, "घरच्या लक्ष्मीच्या हातानं होऊ दे. अक्कांचं पण वय झालं आता, काही विसरायला होतंय."

पूर्वी मी त्या खोलीत काम करायला बसलो की अक्का दोन कप चहा घेऊन यायच्या आणि स्टुलावर बसून गप्पा मारायच्या: उणकलच्या तळ्याकाठी किती घरं झाली, नातू इंग्रजी शाळेत कसा मराठी विसरतोय. आता त्या चहा उंबऱ्यापर्यंत आणत. मी म्हणायचो, आत या की. त्या हसून म्हणायच्या, "नको, सर. परत काहीतरी व्हायचं." मी हात लांब करून कप घ्यायचो.

सांगायचं मनात बऱ्याचदा आलं. पावसाळ्यात एकदा अण्णांच्या केबिनपर्यंत गेलोसुद्धा, पण ते फोनवर होते आणि मी परत फिरलो, बरं वाटलं मला. बसमध्ये बसलो की वाटायचं, काय एवढं त्यात, एक पूजेचं ताट, एक किल्ली. धारवाड येईपर्यंत तेही पटेनासं व्हायचं. दिवस थकवणारे होतेच, त्यात हे ओझं घेऊन हिंडण्याची सवय झाली. माणूस कशालाही सरावतो, हे मला तेव्हा फार सोयीचं वाटलं.

पुढची खंडेनवमी आली. आता सर्व्हर बंद-चालू मीच करायचा, म्हणून अण्णांनी मला पूजेला बोलावून घेतलं. माझी आयुधं त्या वर्षी पाटावर मांडलीच नाहीत. सुनेनं ताट घेतलं, झटपट विभूती लावली, यंत्रांचे फोटो काढले. मुलगी चांगली आहे, तिचा काही दोष नाही. अक्का मागे उभ्या होत्या, चुरमुऱ्यांची टोपली घेऊन, प्रसाद वाटायला. आरती झाली, मी सर्व्हर चालू केला. चार मिनिटांत चारही बिऱ्हाडं जागी झाली.

"बघा," अण्णा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "जाणत्या माणसाच्या हातानं झालं की असं होतंय."

लोक हसले. अक्का कुणाच्यातरी ओंजळीत चुरमुरे घालत होत्या. त्यांचा हात टोपलीतच थांबला. पण त्यांनी वर बघितलं नाही, पुढच्या ओंजळीत घालायला लागल्या. मी प्रसाद न घेता बाहेर आलो. मला माझीच किळस आली.

दसऱ्याला मी उणकलला गेलो. अक्कांचं घर शोधायला वेळ लागला, तळ्याच्या अंगाला सगळी नवी घरं झालीत. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं. घरात पाव्हणे होते, म्हणून आम्ही व्हरांड्यात बसलो. मी खिशातली बन्नी काढली नाही, आधी सांगायला लागलो. कार्ड, ड्रायव्हर, श्रावणातला अपडेट, पुसलेली आवृत्ती. त्यांना यातलं सगळं कळेल असं नव्हतं, म्हणून शेवटी म्हणालो, "अक्का, तुम्ही बंद केलंत म्हणून नाही झालं ते. मी आधीच बिघडवून ठेवलं होतं. कुणीही बंद केलं असतं तरी तेच झालं असतं. तुमच्या वहीतली एकही खूण चुकली नव्हती."

त्यांनी माझ्यासमोरचं रिकामं फुलपात्र उचलून बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "तुम्हाला हे कधी कळलं?"

"त्याच दिवशी. तुम्ही वही दाखवायच्या आधी."

"वर्षभर मी रात्री पडल्या पडल्या तो दिवा आठवत होते, सर. हिरवा गेला होता की नव्हता. गेला होता असं वाटायचं, पण मग उठला का नाही? घरात सांगितलं, मला आता आठवत नाही नीट. मुलगा डॉक्टरकडे घेऊन गेला."

मी पानं पुढं केली आणि पाया पडायला वाकलो. त्यांनी पाय मागे घेतले.

"मला सांगून काय करू मी?" त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, फार दमल्या होत्या. "जिथं म्हणालात, तिथं म्हणा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी तारिहाळात होतो. यंत्रं सुरू झालेली, शॉपमध्ये दहा-बारा माणसं. अण्णा तपासणीच्या टेबलाशी उभे राहून एक नग बघत होते, अक्का दुसरा मोजत होत्या. मी तिथंच सांगितलं, यंत्रांच्या आवाजातही ऐकू जाईल असं मोठ्यानं. गेल्या वर्षी सर्व्हर माझ्या चुकीनं पडला, अक्कांनी बंद केला म्हणून नाही. हे मला तेव्हाच ठाऊक होतं आणि मी बोललो नाही. जवळच्या दोन यंत्रांवरची माणसं थांबून ऐकत होती.

अण्णांनी नग टेबलावर ठेवला. माझ्याकडे बघितलं, अक्कांकडे बघितलं. त्यांना अवघडल्यासारखं झालं असावं, सणाच्या दुसऱ्या दिवशी हे काय मध्येच.

"आत बिड्री, सर," ते म्हणाले. म्हणजे सोडून द्या, झालं ते. "वर्ष झालं त्याला. आता पूजा सून करायला लागलीय, तिलाही आवडतंय. तसंच चालू दे."

आणि ते फोन कानाला लावून केबिनकडे गेले. यंत्रावरची माणसंही कामाला लागली.

मी खिशातून बन्नी काढली आणि अक्कांसमोर धरली. त्यांनी हातातलं माप वहीत लिहिलं, पेन्सिल ठेवली, हात पदराला पुसले आणि पानं घेतली.

"वाळली की हो," त्या म्हणाल्या.

मी हात पुढं करून उभाच होतो. बन्नी घेतली की उलट द्यायची असते. त्यांच्या ते लक्षात आलं.

"माझी कालच वाटून संपली, सर," असं म्हणून त्यांनी पुढचा नग मोजायला घेतला.